पाचट कोण ठेवतं, कोण पेटवतं आणि शिवाराला त्याचा काय फरक पडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऊसपट्ट्यातल्या एका गावात काही तरुण दोन हंगाम पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरणारा उसाचा वाळलेला पाला, न जाळण्याचा प्रचार करतायत. काही शेतकऱ्यांनी लगेच ऐकलं, काहींनी एक वर्ष करून सोडून दिलं, बाकीचे आजही तोडणी झाली की काडी लावतात. मग शेतकरी पर्यावरणाला पूरक पद्धती नेमक्या कशामुळे घेतात आणि घेतल्या तरी सगळ्या भागाला त्याचा काही उपयोग होतो का, असं त्या तरुणांनी विचारलंय.

यातले प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांवर फारशी अवलंबून नाहीत. शेतकरी पद्धत का बदलतो हे त्याच्या बांधाच्या आत बघायचं. भागाला फरक पडतो का, हे मात्र विहिरी, नाले, आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) आणि शेजारी यांच्याकडे बघून ठरतं. या दोन्हींची गल्लत झाली की अहवालात शंभर एकरांवर पाचट ठेवल्याची नोंद होते आणि गावाची पाणीपातळी तिथल्या तिथेच राहते.

आधी पेटवणाऱ्याची बाजू घेतो, कारण ती अडाणीपणाची नाही. जानेवारीत तोडणी संपते, तोडणी मजुरांची टोळी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधून निघून जाते आणि रानात गुडघाभर पाचट पडलेलं असतं. जमीन तीन फुटी सरीची, पाणी पाटानं. शेतीला वीज मिळते आठ तास, तीही बऱ्याचदा रात्रीची. मोकळ्या सरीत आठ तासांत एकरभर भिजत असेल, तर पाचटातून पाणी मुंगीच्या पावलानं सरकतं आणि तेवढ्याच वेळात पाऊण एकरही होत नाही. रात्री बॅटरी घेऊन पाणी सरीतून कुठवर पोचलं हे बघायला जायचं, तर पायाखाली साप-विंचू दिसत नाही. बगला फोडायला बैल किंवा पॉवर टिलर घातला की पाचट फणाला गुंडाळतं. एका काडीनं हे सगळं अर्ध्या तासात मिटतं आणि वर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या खुंटांतून येणारं पुढचं पीक, एकसारखा फुटून हिरवागार दिसतो. त्याला मातीतल्या सेंद्रिय कर्बावर व्याख्यान दिलं तर तो मान डोलावतो आणि घरी जाऊन काडीच लावतो. त्याची अडचण कर्बाची नव्हतीच, ती आठ तासांच्या विजेची होती.

आता ठेवणारे कोण आहेत ते बघा. ठिबक असलेले बहुतेक जण ठेवतात, कारण त्यांच्या पाण्याला पाचट आडवं येतच नाही. साडेचार-पाच फुटी सरी किंवा पट्टा पद्धत (दोन ओळी जवळ, मग मोकळा पट्टा) असलेले ठेवतात, कारण पाचट टाकायला जागा असते. तोडणी यंत्रानं ऊस काढलेले ठेवतात, कारण यंत्र पाचटाचे तुकडे करून मागे पसरवूनच जातं. यातल्या कितीतरी जणांनी यंत्र बोलावलं ते टोळी मिळेना आणि मुकादमाला आगाऊ दिलेल्या उचलीचा भरवसा राहिला नाही म्हणून. यंत्र चालायला सरी रुंद करावी लागली, सरी रुंद झाली म्हणून ठिबकची नळी परवडली आणि या सगळ्याच्या मागून पाचट रानात राहिलं. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. पर्यावरणपूरक पद्धत सुटी येत नाही, दुसऱ्या कुठल्या तरी अडचणीच्या उत्तराला चिकटून येते. त्यामुळे प्रचार करताना पाचटापासून सुरुवात करू नका, लागणीच्या वेळी सरीच्या रुंदीपासून करा. तीन फुटी सरीत लागण झालेल्या शेतकऱ्याला तोडणीनंतर पाचट ठेव म्हणणं म्हणजे वर्षभर उशिरा सांगणं आहे. अगदीच तीन फुटी सरी असेल तर एक आड एक सरीत पाचट दाबायचं आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यायचं, एवढी तडजोड निघते.

फायद्याचा आकडाही त्याच्या भाषेत सांगावा लागतो. एकरी तीन ते चार टन पाचट निघतं. त्यात नत्र अर्धा टक्क्याच्या आतबाहेर आणि पालाश एक टक्क्याच्या जवळपास असतो. म्हणजे चार टनांत नत्र सोळा ते वीस किलो आणि पालाश पस्तीस-चाळीस किलो. जाळल्यावर कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळं हवेत जातं. पालाश मात्र राखेत उरतो. ‘जाळलं की सगळंच जातं’ असं छापील पत्रकात लिहिलेलं असतं, ते खरं नाही आणि शेतकऱ्यालाही ते ठाऊक असतं. राखेनं ऊस फुटतो हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून अशा पत्रकावर त्याचा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा खुरपणी आणि पाणीपाळीचं बोला. सरी झाकली की तण दबतं, एखाद-दुसरी खुरपणी किंवा तणनाशकाची एक फवारणी वाचते. मार्च-एप्रिलात पाण्याची पाळी काही दिवस पुढे ढकलता येते. किती दिवस, हे जमिनीवर आहे. मध्यम खोलीच्या रानात चांगला फरक दिसतो, भारी काळ्या जमिनीत आधीच ओल धरून असते म्हणून कमी दिसतो. उन्हाळ्यात तळ गाठणारी विहीर असलेल्याला हे चार दिवस सोन्यासारखे. ज्याच्या रानाला बारमाही नदीवरून उपसा सिंचनाचं पाणी येतं, त्याला त्याचं काय? म्हणून नदीकाठचा शेतकरी सगळ्यात शेवटी वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

एक वर्ष करून सोडून देणाऱ्यांकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देईन, कारण त्यांची तयारी होती, पद्धत चुकली. त्यांची तक्रार ठरलेली असते: ‘पाचटानं ऊस पिवळा पडला.’ ती खरी आहे. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र नावाला असतं. ते कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी लागणारं नत्र मातीतून ओढतात आणि नेमका त्याच दीड-दोन महिन्यांत खोडव्याला फुटव्यासाठी नत्र हवं असतं. शेवटी हेच नत्र सुटून पिकाला मिळतं, पण तोपर्यंत पीक पिवळं दिसतं, शेजारी हसतो आणि निर्णय होऊन जातो. म्हणून दर टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, ही शिफारस टाळायची नाही. चार टनांना बत्तीस किलो युरिया झाला. हा पाचटासाठीचा आहे, खोडव्याच्या खतमात्रेतून वजा करायचा नाही. इथेच काटकसर होते आणि इथेच ऊस पिवळा पडतो. दुसरी चूक म्हणजे कोरड्या पाचटावर युरिया फेकून पाण्याची पाळी चार दिवसांनी देणं. तेवढ्यात अमोनिया होऊन बराचसा युरिया उडून जातो. युरिया आणि सुपर टाकायचं, जिवाणू संवर्धक चाळलेल्या शेणखतात मिसळून विस्कटायचं आणि लगेच पाणी द्यायचं. पहिल्या पाण्यानंतर वाफशावर (माती ओलसर, पण चिखल नाही अशा वेळी) सरीतून चालत जाऊन पाचट पायानं मातीत दाबलं की कुजणं वेग घेतं. मातीशी टेकलेलं पाचट कुजतं, वर तरंगणारं नुसतं वाळत राहतं.

याच्या आधीची पायरी बुडख्यांची, म्हणजे तोडणीनंतर जमिनीत उरलेल्या खुंटांची. तोडणीनंतर बुडख्यावरचं पाचट बाजूला ओढून सरीत घ्यायचं. बुडखा झाकलेला राहिला तर कोंब वर येत नाही आणि विरळ खोडव्याचा दोष पाचटाच्या माथी बसतो. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे, नाहीतर वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे निघतात आणि ते मुळं धरत नाहीत. छाटलेल्या भागावर दहा लिटर पाण्यात दहा ग्रॅम कार्बेन्डाझिमचं द्रावण मारायचं. खताची पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आत पहारीनं: बुडख्यापासून चार ते सहा इंचांवर, सहा इंच खोल, फुटाफुटावर एक भोक. दुसरी साधारण चार-साडेचार महिन्यांनी, सरीच्या दुसऱ्या बाजूला. खत पाचटावर फेकून द्यायचं नाही. ज्याच्याकडे पहार मारायला माणसं नाहीत आणि ठिबकही नाही, त्यानं पहिल्या वर्षी सगळ्या रानाऐवजी अर्ध्या एकरावरच करून बघावं.

आणि काही ठिकाणी पाचट ठेवू नकाच म्हणून सांगायला हवं. चिबड, पाणी धरणाऱ्या, निचरा नसलेल्या जमिनीत पाचटाखाली मुळं गुदमरतात, तिथे आधी निचरा. गवताळ वाढ किंवा काणी या रोगांची बेटं जास्त दिसत असतील तर मुळात खोडवाच ठेवायचा नाही. हे अपवाद तुम्ही स्वतःहून सांगितलेत तर बाकीच्या सल्ल्याला वजन येतं.

जमीन कोणाची, हाही प्रश्न आहे. खंडानं एक-दोन वर्षांसाठी घेतलेल्या रानात कोणी माती सुधारत नाही, सुधारूही नये, त्याचा फायदा पुढच्या खंडकऱ्याला जाणार. अशा ठिकाणी फक्त त्याच हंगामात पैसे वाचवणाऱ्या गोष्टी टिकतात: कमी खुरपणी, कमी पाणी. वाटेकरी असेल तर मजुरी कोणाच्या अंगावर आणि खत कोणाच्या, हे विचारा. पाचट पसरायची मजुरी वाटेकऱ्याची आणि वाचलेल्या खताचा फायदा मालकाचा असेल तर काडी लागणारच.

अनुदानाबद्दल लोकांची मतं टोकाची असतात. केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेत अल्प-अत्यल्पभूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून ते 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत नेलं. अनुदानानं संच रानात येतो, यात शंका नाही. चालत राहतो का, हे वेगळं. गाळणी आठवड्याला न उघडणं, क्षाराच्या पाण्यात आम्ल प्रक्रिया न करणं, उंदरांनी नळ्या कुरतडणं, या तीन गोष्टींनी संच बंद पडतो आणि नळ्यांची वेटोळी बांधावर जातात. जिथे वापरलेल्या खताचा आणि पाण्याचा हिशेब शेतकऱ्याला दर महिन्याला दिसतो तिथे ठिबक टिकतं. जिथे ते फक्त अनुदानापुरतं आलं तिथे चौथ्या-पाचव्या वर्षी पुन्हा पाट.

बाजाराचा धाक मात्र जबरदस्त काम करतो. नाशिक-सांगलीच्या निर्यातक्षम द्राक्षांत औषधांच्या उर्वरित अंशाची शिस्त आली ती युरोपच्या मर्यादांमुळे. 2006 मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था आली, बागांची नोंदणी आणि काढणीपूर्व नमुना तपासणी तिच्यात बांधली गेली. तरी 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशावरून माल युरोपात अडकला, आणि त्यानंतर फवारणीची वही आणि काढणीपूर्व कालावधी हे शब्द बागाईतदाराच्या रोजच्या बोलण्यात आले. पण हा धाक निर्यातीच्या भावापुरता असतो. उसाला असा ग्राहक नाही. कारखाना जळीत उसाला कपात लावतो, तोडणीनंतरच्या पाचटाचं त्याला काही पडलेलं नसतं.

आता दुसरा प्रश्न, भागाला फरक पडतो का.

मातीचा पडतो, पण फार सावकाश, आणि याचा ढोबळ हिशेब प्रत्येक कार्यकर्त्यानं एकदा कागदावर करावा. चार टन पाचटात दीड टनाच्या आसपास कर्ब. कुजताना त्यातला बहुतांश हवेत जातो. मातीत टिकून राहतो तो दहा-पंधरा टक्के धरला तर दीडशे ते सव्वादोनशे किलो. एकराच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साधारण आठ लाख किलो. म्हणजे वर्षाला 0.02 ते 0.03 टक्के वाढ. माती परीक्षणाच्या दोन नमुन्यांतला नेहमीचा फरकच याहून मोठा असतो. ‘एका वर्षात कर्ब वाढला’ असं सांगणारा अहवाल आला तर नमुना कुठून घेतला ते विचारा. पाच वर्षं, त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच खोलीवर नमुने घेतले तर काही बोलता येईल.

पाण्याचं गणित जास्त अवघड आहे आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ठिबक आणि आच्छादनानं एकरी पाणी कमी लागतं, हे खरं. पण विहिरीवरच्या शेतकऱ्याचं दोन एकरांचं पाणी वाचलं की तो तिसऱ्या एकरात ऊस लावतो. तो चुकत नाही, पाणी हाच त्याचा अडसर होता. शिवाय पाटाच्या पाण्यातलं जे ‘वाया’ जात होतं, त्यातलं काही मुरून खालच्या विहिरीला मिळत होतं, तेही आता थांबलं. दर एकरी बचत आणि शिवाराचा उपसा तेवढाच किंवा जास्त, असं चित्र यातून तयार होतं. शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी अडवायला म्हणून योजना आली आणि प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरी-बोअरच्या पाण्यानं तळी भरली गेली. भूजल सगळ्यांचं होतं, ते एकाच्या तळ्यात उघड्यावर आलं आणि उन्हानं उडू लागलं. त्या शेतकऱ्याची बाग वाचते, हेही तितकंच खरं.

म्हणून वाचलेलं पाणी कुठे जाणार, याचा निर्णय गावानं घेतला असेल तरच भाग टिकतो. हिवरेबाजारात दरवर्षी पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आहे आणि ऊस-केळीसारखी पिकं टाळली जातात. बांधबंदिस्ती महाराष्ट्रात हजारो गावांनी केली, हे निर्बंध फार थोड्यांनी लावून घेतले. कालव्यावर असाल तर दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पाचं उदाहरण बघा: पाणीवापर संस्थांनी संपूर्ण लाभक्षेत्राचं वाटप हातात घेतलं आणि पाणी घनमापनावर मोजून मिळतं. मोजून मिळणारं पाणी वाचवलं तर ते आपल्या कोट्यात राहतं. हेक्टरवर पट्टी आकारली जात असेल तर वाचवायचं कशाला? 2005 च्या सिंचन व्यवस्थापन अधिनियमात घनमापनाची तरतूद आहे, पण कागदावरच्या तरतुदीनं शेवटच्या चारीला पाणी पोचत नाही.

क्षारपड जमिनीतही हेच दिसतं. शिरोळ, मिरज, वाळवा या पट्ट्यात वरच्या अंगाला जास्त पाणी दिलं जातं आणि मीठ फुटतं खालच्या अंगाच्या रानात. खालच्या शेतकऱ्यानं कितीही जपून पाणी दिलं तरी त्याची जमीन सुधारत नाही. सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा साधारण चार फूट खोलीवर घालतात, पण त्याचं पाणी नाल्यापर्यंत न्यायला मुख्य पाइप शेजाऱ्यांच्या रानातून जावा लागतो. एक जण अडला की पुढच्या दहा जणांचा निचरा अडतो. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या क्षेत्रात हे काम गटागटानं झालं, म्हणूनच ते उभं राहिलं.

कापसाचं उदाहरण तर अजून स्पष्ट आहे. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यात जो तडाखा दिला, त्यानंतर फरदड (हंगाम संपल्यावरही जुनीच कपाशी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका, हे सगळीकडे सांगितलं गेलं. एकट्यानं डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटल्या आणि शेजाऱ्यानं मार्चपर्यंत फरदड ठेवली, तर पतंग बांध ओलांडून येणारच. एकरी दोन कामगंध सापळे (नर पतंगांना गंधानं ओढणारे) लावून, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की फवारणी, हा नियम एका शेतात पाळता येतो. पिकाविना चार-पाच महिने काढून अळीची साखळी तोडणं मात्र सगळ्या शिवारानंच करायचं काम आहे.

पाचटाच्या बाबतीतही शेजारी महत्त्वाचा. पाचट ठेवलेल्या शेतकऱ्याच्या रानात एकरी चार टन वाळलेलं जळण पडलेलं असतं आणि शेजारी काडी लावतो. एकदा रान पेटलं, ठिबकच्या नळ्या वितळल्या, की पुढच्या वर्षी तोच स्वतःहून जाळतो. म्हणून गावभर विखुरलेले वीस जण धरण्यापेक्षा एका पाणंदीला लागून असलेले आठ जण धरा. कडेनं सहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवा आणि पहिलं पाणी बांधाकडच्या सऱ्यांना द्या.

तुमच्या गावात पुढच्या हंगामासाठी मी एवढंच करीन. सोडून दिलेल्यांची यादी काढून प्रत्येकाला सरी किती फुटी, वीज कधीची, पाचटाला युरिया किती आणि कधी, जमीन स्वतःची की खंडाची, हे चार प्रश्न विचारीन. त्यातून कोणाला सल्ला हवा, कोणाला पाचटाचे तुकडे करणारं कुट्टी यंत्र भाड्यानं हवं आणि कोणाच्या नादी लागू नये, ते कळतं. भागाच्या परिणामासाठी एकाच नाल्यावरच्या दहा विहिरी निवडा. ऑक्टोबरात आणि मार्चअखेर, पंप रात्रभर बंद ठेवून, सकाळी दोरीनं पाणी किती फुटांवर आहे ते मोजा. त्याच वहीत त्या विहिरीखाली ऊस किती गुंठे आहे ते दरवर्षी लिहा आणि पाऊस किती झाला तेही. फक्त पातळी लिहिलीत तर चांगल्या पावसाचं श्रेय पाचटाला जाईल.